न चावता

करंजाड्याला, शटरच्या आत, माझी अकरा ताटांची खानावळ.
बारावं ताट केवल घरतचं. त्याला वेळ नाही.
फोन वाजला की भात अर्धा टाकून उठतो,
हूकवाली काठी, टॉर्च, उशीची खोळ,
आणि येताना खोळ जड असते.
वनखात्याचा माणूस सकाळी येईपर्यंत
भोकं पाडलेल्या डब्यात तो पाहुणा
माझ्या कांद्याच्या टोपलीशेजारी.

आधी मी ओरडले. मग विचारायला लागले.
खानावळवाली दुसरं काय विचारणार?
हा काय खातो?

कवड्या? पाली, काकी. तुझ्या ट्यूबलाइटखाली आहेत त्याच.
वाळा गांडुळाएवढा, तो मुंग्यांची अंडी वेचतो.
दिवडीला बेडूक, मासा, जे पुढ्यात, जिकडून तोंडात येईल तिकडून.
धामण उंदराला भिंतीशी दाबते,
विष नाही तर अंगाचं वजन वापरायचं.
घोणस चावते आणि सोडून देते.
जाऊ देते त्याला जाईल तिथवर,
मग जीभ लपलपवत मागावर निघते, सावकाश,
उधारी वसुलीला निघाल्यासारखी.
आणि मण्यार?
केवल पाणी प्यायला. मण्यार साप खाते.

मला धाकटा दीर आठवला,
मोबदल्याच्या कागदावर सगळ्यांच्या आधी सही केलेला.
पण ते जाऊ दे.

जात कुठलीही असो, पंगतीची रीत एक.
चावत कुणी नाही. दात धरायला, चघळायला नाहीत.
बहुतेक डोक्याकडून गिळतात,
म्हणजे पाय मिटतात, केस बसतात, घास अडत नाही.
(दिवडीचं सोड, केवल म्हणतो.)
मग जांभई. धामणीची मी पाहिली,
जबडे डावी-उजवीकडे सरकले
आणि जागेवर बसले, कडी लागावी तसे.
मग ऊन. मग कितीतरी दिवस काही नको.
कातीआधी डोळे दुधाळतात, तेव्हाही उपास.
दूध मात्र कुणालाच नको असतं.
हे कळूनही नागपंचमीला मी तवा ठेवत नाही,
दिंडं उकडते, ताटाला दोन.
छपऱ्याचा वेल्डर विचारतो, आज रोटी नाही?
मी म्हणते, आज दुसऱ्या कुणाची पाळी आहे.

गेल्या माघात केवल रिकामी खोळ घेऊन आला.
विमानतळाच्या कुंपणाजवळ, भरावावर,
आमचा डोंगर होता त्या सुमाराला,
धामण पडलेली, पोटात गाठ, नुकतीच जेवलेली.
जेसीबी वळला, माणसं धावली,
आणि तिनं उंदीर ओकून टाकला,
अख्खा, ओला, शेपटीकडून.
भरल्या पोटानं पळता येत नाही, काकी.
जीव वाचवायचा तर आधी घास टाकायचा.
सगळेच टाकतात?
नाग, दिवड, अजगरसुद्धा. घाबरले की.

मी डाळ घोटत होते. घोटत राहिले.
टेम्पो आला त्या दिवशी
चुलीवर जिताड्याचं कालवण होतं.
हे म्हणाले, पातेलं घे.
ड्रायव्हर म्हणाला, सांडेल, सीट नवी आहे.
मी उंबऱ्याबाहेर ओतलं सगळं, तुकड्यांसकट.
मांजरं कुठून आली कोण जाणे.
रिकामं पातेलं मांडीवर घेऊन बसले,
उलव्याच्या वळणापर्यंत ते गरम होतं.

गेली का रे ती?
गेली. गटाराच्या पाइपात.
आणि उंदीर?
घारीनं नेला.

मी ताट वाढलं. भात, डाळ, सुकटीची चटणी, कांदा.
पहिला घास उचलला आणि फोन वाजला.
त्याचा हात ताटावर थांबला, डोळे शटरकडे.
वाजू दे, म्हटलं.
आधी जेव.
चावून.